पँटेरा घ्यायची ठरवलीत? आधी पत्रा, मग गिअरबॉक्स, इंजिन शेवटी

गाड्यांच्या गप्पांत डी टोमासो पँटेरा या सत्तरच्या दशकातल्या इटालियन स्पोर्ट्स कारचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "इंजिन तर फोर्डचं आहे, मग कसली काळजी?" या एका वाक्याच्या भरवशावर लोक पैसे मोजून मोकळे होतात. वाक्य खोटं नाही. इंजिन खरंच फोर्डचं आहे, दणकट आहे, आणि अमेरिकेत त्याचे सुटे भाग आजही मिळतात. पण या गाडीत खिसा रिकामा करतो तो इटालियन पत्रा, आणि त्याच्या खालोखाल जर्मन गिअरबॉक्स. मी कॅलिफोर्नियात राहतो. इथेच मी १९७२ची पँटेरा शोधली, तपासली, घेतली आणि रस्त्यावर आणली. त्या काळात नीट क्रमाने सांगणारं मराठीत काही सापडलं नाही, म्हणून हे लिहितोय. अमेरिकेतल्या मंडळींना ते जसंच्या तसं उपयोगी पडेल. युरोपात असाल तर कागदपत्रांचा भाग वेगळा, बाकी सगळं तेच.

आधी थोडा इतिहास, कारण किंमत त्यातूनच ठरते

साठच्या दशकात युरोपातल्या छोट्या कारखानदारांची अडचण एकच होती. देखणी बॉडी काढणारे हात तुरीनमध्ये होते, चासी आखणारे मोडेनात होते, पण स्वतःचं इंजिन घडवायचं म्हणजे ओतकामापासून चाचण्यांपर्यंत अनेक वर्षं आणि अफाट पैसा. वर्षाला शंभर-दोनशे गाड्या विकणाऱ्याला ते झेपत नाही. अमेरिकेत मात्र मोठे व्ही-८ लाखांनी बनत होते: स्वस्त, कमी कटकटीचे, भरपूर ताकदीचे. फ्रान्सच्या फासेल व्हेगाने क्रायस्लरचं इंजिन घेतलं, इंग्लंडच्या जेन्सन इंटरसेप्टरनेही तेच केलं. स्वित्झर्लंडमध्ये पीटर मॉन्टेव्हेर्दी यांनी बाझेलजवळ क्रायस्लरच्याच इंजिनावर गाड्या काढल्या. मिलानजवळची इसो ही कंपनी मूळची इसेट्टा या अंड्याच्या आकाराच्या चिमुकल्या गाडीची. तिच्या ग्रिफोमध्ये शेव्हरलेचं इंजिन होतं, आणि ती आखली फेरारीतून बाहेर पडलेल्या जोत्तो बिझारिनी यांनी.

आलेहांद्रो डी टोमासो हे अर्जेंटिनाचे. १९५५ साली इटलीत आले, शर्यती खेळले आणि १९५९ मध्ये मोडेनात स्वतःची कंपनी काढली. त्यांची मांगुस्ता फोर्डच्या इंजिनावर चालायची. पाठोपाठ १९७० मध्ये पँटेरा आली. आकार गिया स्टुडिओतल्या टॉम चार्डा या अमेरिकन डिझायनरचा, चासीचं काम जानपाओलो दलारा यांचं. इंजिन चालकाच्या पाठीमागे, फोर्डचं ३५१ क्लीव्हलँड, म्हणजे ५.८ लिटरचा व्ही-८. त्यामागे जर्मनीच्या झेडएफचा पाच गिअरचा ट्रान्सॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअल एकाच पेटीत. फोर्डला आपल्या लिंकन-मर्क्युरी शोरूममध्ये लोकांची पावलं थांबवेल अशी गाडी हवी होती. १९७१ पासून पँटेरा तिथे साधारण १०,००० डॉलरला मिळू लागली; त्या वेळची फेरारी डेटोना याच्या दुपटीच्या घरात होती.

१९७४ मध्ये फोर्डने हात आखडता घेतला. तेलाचं संकट आणि बंपर-सुरक्षेचे नवे अमेरिकन नियम, दोन्ही एकदम अंगावर आले होते. तोवर अमेरिकेत साधारण साडेपाच हजार गाड्या उतरल्या होत्या. पुढे डी टोमासो यांनी मोडेनात अगदी थोड्या संख्येत ही गाडी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनवली.

याचा बाजारावरचा परिणाम असा. "इटालियन गाडीत ट्रकचं इंजिन" म्हणून संग्राहकांनी पँटेराला अनेक वर्षं नाकं मुरडली. किंमत दबली, त्यामुळे ती साध्या पगारदारांच्या हातात गेली आणि त्यांनी ती मनसोक्त चालवली, बदलली, कापली, जोडली. म्हणून आज मूळ रूपातली गाडी दुर्मीळ झाली आहे आणि बदललेल्या गाड्या ढिगाने मिळतात.

१. आधी ठरवा, कोणती पँटेरा

सुरुवातीच्या गाड्यांना, म्हणजे १९७१ आणि १९७२च्या पूर्वार्धातल्यांना, नाजूक क्रोमचे बंपर आहेत. १९७२च्या मध्यापासून 'एल' आली, मोठ्या काळ्या बंपरची. पहिल्या प्रकाराला मागणी जास्त, म्हणून भावही जास्त. पण घडण आणि जुळणी 'एल'मध्ये सुधारलेली आहे. चालवायला गाडी हवी असेल तर मी डोळे झाकून 'एल' सुचवेन.

१९८० नंतरची जीटी५ चाकांवरच्या रुंद फायबर कमानींवरून ओळखू येते. जीटी५-एसमध्ये त्याच कमानी पोलादी पत्र्याच्या, बॉडीत मुरवलेल्या. या गाड्या मुळात थोड्या आणि महाग. इथे पहिला सापळा आहे: सत्तरच्या दशकातल्या कितीतरी गाड्यांना नंतर फायबरच्या कमानी आणि मागचा पंख लावून जीटी५चं रूप दिलेलं आहे. त्यात गैर काही नाही, पण विकणारा जीटी५चा भाव मागत असेल तर चासी क्रमांक बघा. फोर्डने अमेरिकेत आणलेल्या गाड्यांचा क्रमांक 'टीएचपीएन' या अक्षरांनी सुरू होतो. पूर्ण क्रमांकावरून गाडी मुळात कोणत्या काळातली ते कळतं, वर काहीही चढवलेलं असो.

पँटेराच का, असंही विचारून घ्या स्वतःला. चार जण बसायला हवे असतील तर जेन्सन इंटरसेप्टर बघा. ती मुळात उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, इंग्लंडमध्ये भरपूर. ग्रिफो सगळ्यांत देखणी, पण जेमतेम चारशे बनल्या आणि भाव पँटेराच्या कित्येक पट. मधोमध इंजिन, पोलादी मोनोकॉक, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एसी आणि काचांची बटणं, हे सगळं एकत्र आणि आवाक्यात हवं असेल तर पँटेराला पर्याय मला तरी दिसत नाही.

२. पत्रा: अर्धा दिवस इथेच घालवा

मोनोकॉक म्हणजे वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. त्या काळात या पत्र्याला गंजरोधक संरक्षण जेमतेम होतं. पेट्या आतून सडतात आणि बाहेरचा रंग चकाकतच राहतो.

बरोबर एक साधं लोहचुंबक, मऊ कापडात गुंडाळलेलं, आणि फोनला जोडायचा छोटा एंडोस्कोप (वायरीच्या टोकाचा कॅमेरा) न्या. चुंबक दाराखालच्या सिलवर पुढून मागे हळूहळू सरकवा. पत्रा चांगला असेल तिथे ते चिकटून ओढ दाखवतं. जिथे अचानक सैल पडतं तिथे खाली पुट्टी आहे, आपल्याकडचे डेंटर तिला लांबी म्हणतात. मागच्या चाकापुढची शेवटची वीतभर जागा सगळ्यांत आधी जाते, कारण चाक पाणी तिथेच उडवतं. मग सिलच्या बुडाची निचऱ्याची भोकं शोधा. ती उघडी असतील तर एंडोस्कोप आत घाला आणि पापुद्रे दिसतात का बघा. भोकंच बुजवलेली असतील तर मी तिथूनच परत फिरेन.

यानंतर पुढच्या डिक्कीचा तळ, विंडशील्डच्या खालचे कोपरे, दारांच्या खालच्या कडा. शेवटी गाडी लिफ्टवर चढवायला लावा आणि मागच्या सस्पेन्शनच्या आर्म्स जिथे जोडल्यात ते रेल्स बघा. इथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. ताज्या काळ्या अंडरकोटिंगने सगळं एकसारखं झाकलेलं असेल तर "कधी मारलं आणि खाली काय होतं" हे विचारा, आणि फोटो मागा.

आणखी एक चाचणी. गाडी लिफ्टवर असताना दारं उघडून बंद करून बघायला सांगा. जमिनीवर सहज लागणारं दार वर गेल्यावर अडकत असेल तर पेटीचा ताठपणा गेलाय. असं काम करून घ्यायचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

लिफ्ट द्यायला विकणारा नकार देत असेल तर पुढे बोलणंच नको.

३. पाणी: पँटेरा तापते म्हणतात, त्याचं कारण

रेडिएटर पुढे, इंजिन मागे. पाण्याला गाडीच्या पोटाखालून लांबच लांब नळ्यांतून जावं लागतं. मूळ नळ्या साध्या पोलादाच्या, आतून गंजणाऱ्या. बहुतेक चांगल्या गाड्यांत आता स्टेनलेसच्या असतात. नसतील तर तो खर्च भावात धरा. पंखेही बघा: दोन्ही फिरतात का, कोणत्या तापमानाला सुरू होतात.

आता एक गोष्ट जी बरेच अनुभवी मेकॅनिकही विसरतात. क्लीव्हलँड इंजिनाच्या थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेचं) झाकण काढलं की खाली ब्लॉकमध्ये मधोमध भोक असलेली पितळी चकती दिसली पाहिजे. या इंजिनासाठी बनवलेल्या थर्मोस्टॅटच्या बुडाला टोपीसारखा भाग असतो. इंजिन तापलं की ती टोपी खाली सरकून चकतीचं भोक बंद करते, आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. फोर्डच्याच विंडसर व्ही-८चा थर्मोस्टॅट त्याच जागी अगदी छान बसतो. त्याला टोपी मात्र नसते. भोक उघडं राहतं आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं. कधी इंजिन खोललं गेलं तेव्हा चकतीच फेकून दिलेली असते. मग मालक मोठा रेडिएटर, मोठे पंखे, नवा पंप असं एकेक बदलत बसतो आणि काटा काही खाली येत नाही.

तपासणीच्या वेळी गाडी वीस-पंचवीस मिनिटं जागच्या जागी चालू ठेवा, एसी लावून. काटा कुठे स्थिर होतो ते बघा. थांबत नसेल तर भावात घासाघीस करा. पत्रा चांगला असेल तर या एका दोषासाठी गाडी सोडू नका, कारण कित्येकदा तो किरकोळ खर्चात सुटतो.

४. गिअरबॉक्स: हलक्या हाताने बघा

झेडएफचा हा ट्रान्सॲक्सल शर्यतींच्या गाड्यांच्या घराण्यातला, फोर्ड जीटी४०लाही याच कुळातला होता. ताकदीला कमी नाही. पहिला गिअर डावीकडे खाली असतो, दुसरा-तिसरा एका रेषेत. तेल गार असताना दुसरा गिअर अडतो. हे सगळ्या पँटेरांत आहे, घाबरू नका. तेल तापल्यावरही अडत असेल किंवा खरखरत असेल तर सिंक्रो (गिअर सहज जुळवणाऱ्या कड्या) संपलेत.

जुन्या बॉक्समध्ये रिंग गिअरचे बोल्ट सैल पडण्याचा दोष माहीत असलेला आहे. बॉक्स आधी खोललेला असेल तर ते बोल्ट तारेने बांधलेत का, याची पावती किंवा फोटो मागा. या कामाचे जाणकार थोडे आहेत, मजुरी मोठी आहे आणि काही भाग मिळायला महिने लागतात. गाडीत याहून महाग एकच गोष्ट आहे, ती वर सांगितली.

५. इंजिन

कॉम्प्रेशन किंवा लीकडाउन चाचणी (सिलिंडर दाब धरतात का ते बघणारी) करून घ्या, आठही सिलिंडर जवळपास सारखे हवेत. बाकी तीनच प्रश्न विचारा.

पहिला: व्हॉल्व्ह बदललेत का? कारखान्यातून आलेले व्हॉल्व्ह दोन तुकडे जोडून केलेले होते आणि त्यांची डोकी तुटून आत पडल्याची उदाहरणं आहेत. एकसंध स्टेनलेसचे व्हॉल्व्ह घातलेले असतील तर निर्धास्त. दुसरा: टायमिंगचा वरचा गिअर अजून नायलॉनच्या दातांचाच आहे का? असेल तर लगेच बदला. तिसरा: हे क्लीव्हलँडच आहे ना? काहींत विंडसर बसवलेलं असतं. चालायला छान, पण पुढे विकताना त्याचा भाव कमी येतो.

ताकदीच्या आकड्यांत अडकू नका. १९७१च्या इंजिनाचे ३३० हॉर्सपॉवर हे जुन्या ग्रॉस पद्धतीने, म्हणजे इंजिन गाडीबाहेर सुटं ठेवून मोजलेले. पुढच्या वर्षी कॉम्प्रेशन उतरवलं आणि मोजण्याची पद्धतही बदलली, त्यामुळे कागदावरचा आकडा एकदम लहान दिसतो.

६. बसा आणि चालवा

उंची सहा फुटांच्या वर असेल तर घ्यायच्या आधी तासभर बसून बघाच. डोकं छताला लागतं आणि पेडल्स गाडीच्या मध्याकडे सरकलेली आहेत, त्यामुळे पाय तिरके राहतात. रुंद बूट घालून जाऊ नका.

चाकं मूळ कांपान्योलोची असतील तर ती मॅग्नेशियमची आहेत. पन्नास वर्षांत त्यांना बारीक तडे जातात. ती जपून ठेवा आणि रोजच्यासाठी दुसरी घ्या. मागच्या १५ इंची रुंद टायरना आज पर्याय थोडे उरलेत; टायरच्या बाजूला छापलेला बनावटीचा आठवडा आणि वर्ष वाचा. नक्षी कितीही खोल असो, जुनं रबर या गाडीत नको.

७. भाव

नीटनेटकी, चालती पँटेरा अमेरिकेत साधारण एक लाख डॉलरच्या अलीकडे-पलीकडे असते. बरीच स्वस्त दिसली तर पत्रा गेलेला आहे असं धरून चाला. मूळ रंग, मूळ इंजिन, पूर्ण कागद असलेली सुरुवातीची गाडी किंवा खरी जीटी५-एस बरीच वर जाते.

"स्वस्तात घेऊ, हळूहळू करू" हा हिशेब इथे बसत नाही. झालेल्या कामाचे पैसे बाजार पूर्ण देत नाही, म्हणून दुसऱ्याने काम करून घेतलेली गाडी घेण्यातच शहाणपण आहे. पावत्यांची जाड फाइल असलेला मालक भेटला तर त्याच्याशी फार ताणू नका.

८. कागद

पैसे पाठवण्याआधी हे सगळं डोळ्यांनी बघा:

- टायटल (मालकीचा सरकारी कागद), विकणाऱ्याच्याच नावावर, कर्जाचा बोजा नसलेलं. 'सॅल्व्हेज' (विमा कंपनीने मोडीत काढलेली गाडी) शिक्का असेल तर का, हे लेखी घ्या.
- चासी क्रमांक टायटलवर, डॅशबोर्डवर आणि पुढच्या डिक्कीतल्या पट्टीवर, तिन्ही ठिकाणी तोच.
- विक्रीचा करार, तारीख आणि रकमेसह.
- दुरुस्तीच्या पावत्या आणि कामाचे फोटो.
- जुन्या कारखाना नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळत असेल तर. त्यात मूळ रंग कळतो.
- तुमच्या नावावर 'ॲग्रीड व्हॅल्यू' विमा, म्हणजे भरपाईची रक्कम आधीच ठरवलेला. साधा विमा घेतलात तर कंपनी पन्नास वर्षांची जुनी गाडी म्हणून भाव लावेल.

कॅलिफोर्नियात खरेदीनंतर दहा दिवसांत नावावर करून घ्यायची असते. दुसऱ्या राज्यातून आणली तर चासी क्रमांकाची प्रत्यक्ष पडताळणीही होते. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना इथे धुराची चाचणी नाही, म्हणून फोर्डने आणलेल्या सगळ्या पँटेरा सुटतात. ऐंशीच्या दशकातल्या गाडीला ही सूट नाही, आणि ती युरोपातून खासगीरीत्या आलेली असते, तेव्हा तिच्या आयातीचे कागद वेगळे तपासा.

विकणारा "कागद नंतर पाठवतो, आधी अर्धे पैसे टाका" म्हणाला तर थांबा. लांबचा व्यवहार असेल तर एस्क्रोमधूनच, म्हणजे पैसे तिऱ्हाइताकडे ठेवूनच करा.

९. घरी आल्यावर

गाडी बंद ट्रेलरमधून मागवा; नाक फार खाली आहे, उघड्या ट्रकच्या उतारावर घासतं.

अवजारं दोन प्रकारची लागतात. इंजिनाचे बोल्ट इंचातले, बॉडी-सस्पेन्शनचे मिलिमीटरचे. दोन्ही पान्यांचे संच वेगवेगळ्या खणांत ठेवा, नाहीतर अर्धवट बसणाऱ्या पान्याने बोल्टची डोकी गोल होतात. याशिवाय चांगला ट्रॉली जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि टायमिंग लाइट. पाण्याच्या पंपाकडे आणि बेल्टकडे जायला सीटच्या मागचं पॅनल काढावं लागतं. गिअरबॉक्स बघायला मागच्या सामानाची पेटी उचलून बाहेर निघते, पण ती एकट्याने उचलू नका, कडा रंगाला लागतात.

पहिल्या आठवड्यात सगळी तेलं, कुलंट, ब्रेक फ्लुइड आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला, नळ्या कितीही चांगल्या दिसोत. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर चिरतं, आणि गळणारं पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडतं. आग विझवायचं सिलिंडर हात पोचेल असं केबिनमध्ये लावा.

पँटेरा ओनर्स क्लब ऑफ अमेरिकाचं सभासदत्व गाडी घेण्याआधीच घ्या. त्यांच्या स्थानिक शाखेतला कोणीतरी तपासणीला बरोबर येतो, आणि चासीचा कोणता कोपरा बघायचा हे त्याला सांगावं लागत नाही.

भारतात नेता येईल का, असं विचारणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईचे मित्र हा प्रश्न नेहमी विचारतात. जुन्या परदेशी गाड्यांच्या आयातीचे नियम कडक आहेत आणि बदलतही असतात, म्हणून परकीय व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना वाचल्याशिवाय आणि सीमाशुल्काच्या जाणकार एजंटकडून लेखी हिशेब घेतल्याशिवाय एक डॉलरही गुंतवू नका. बहुतेक पँटेरा डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या आहेत; उजव्या हाताच्या थोड्या इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियासाठी बनल्या. शोध तिथून सुरू करायचा असेल तर चासी क्रमांकावरून ती मुळातच उजव्या हाताची होती की नंतर फिरवली, हे क्लबकडून आधी खात्री करून घ्या.